घर बघायला येणारी बाई

शनिवारी दुपारी दोनला लॅब सुटायची आणि दातेबाईंना प्रश्न पडायचा. आता सोमवारी सकाळी नऊपर्यंत जायचं कुठे?

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण सव्वीस वर्षं त्या कवळ्या करत होत्या, आणि लॅबमध्ये कुणीतरी गमतीनं ठेवलेलं हे नाव असं चिकटलं होतं की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर त्या मागे वळून बघायच्या, आपल्या पाठीमागे कोण उभं आहे म्हणून. शहरातले दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे. प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. त्यावर दातेबाई मेणात एकेक दात बसवायच्या, घासायच्या, चकाकी आणायच्या. चारशे बारा नंबर उजव्या बाजूनंच चावतो, पाचशे तीन झोपेत करकर दात खातो, एवढं त्यांना साच्यावरून कळायचं. तो हसतो कसा, हे कधी कळायचं नाही. माणूस लॅबपर्यंत यायचाच नाही.

आई होती तोवर शनिवार पुरायचा नाही. तिचं औषध, तिची अंघोळ, तिची कुरकुर, मग दोघींचं भांडण, मग अबोला, मग तिनंच 'चहा टाक गं' म्हणणं. आई गेली त्याला नऊ महिने झाले होते. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असायचा, तो दर रविवारी अकराला फोन करायचा. "ताई, बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?"

"मला काय धाड भरलीये?" त्या म्हणायच्या. आठ मिनिटांत फोन संपायचा. मग अख्खा रविवार आ वासून समोर.

घरात त्यांचं बूड टेकत नव्हतं. खुर्चीवर बसल्या की उठावंसं वाटे, उठल्या की कशाला उठलो ते आठवत नसे. अशाच एका शनिवारी रस्त्यानं भटकताना एका इमारतीवर 'विकणे आहे'ची पाटी दिसली म्हणून त्या थांबल्या, आणि खाली भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "घर बघायला आलात ना? या, या, वर या." नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या जिना चढतही होत्या. त्या बाईनं पाणी दिलं. स्वयंपाकघर दाखवलं, माळा दाखवला, दोन्ही मुलं कुठल्या खोलीत लहानाची मोठी झाली ते सांगितलं. चाळीस मिनिटं एक अनोळखी बाई त्यांच्याशी बोलत होती. त्या दिवशी दातेबाईंना गाढ झोप लागली.

तेव्हापासून हे सुरू झालं. पेपरातल्या जाहिराती, एजंटांचे नंबर. सुरुवातीला खोटं बोलताना जीभ अडखळायची, मग सरावली. मिस्टर फिरतीच्या नोकरीत आहेत. मुलगा कॉलेजला इथे येणार आहे. आत्ताचं घर लहान पडतं. मिस्टर परत आले की त्यांना दाखवते आणि कळवते. आठ महिन्यांत एकतीस घरं झाली.

बत्तिसावं घर त्यांना एका लगबगीच्या एजंटानं दाखवलं. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा लटकत असे की तो जिना चढताना बैलगाडी आल्यासारखं वाटायचं; दातेबाईंनी मनातल्या मनात त्याचं नावच 'जुडगा' ठेवलं होतं. "काका जरा तुटक आहेत," तो चढता चढता म्हणाला. "बसस्टँडवर अनाउन्सर होते. फलाट अमुक, गाडी तमुक, तो आवाज यांचाच. आता तिथे मशीन बोलतं. मुलगी म्हणते, एकटे राहू नका, घर विका आणि माझ्याकडे या. गिऱ्हाइकं येतात, पण कुणी परत येत नाही बघा."

दार उघडलं ते उंच, शिडशिडीत, साठी ओलांडलेल्या गृहस्थांनी. इस्त्रीचा शर्ट, तोंडापाशी रुमाल.

"या. आत या," ते रुमालातूनच म्हणाले.

घर छान होतं. तीन खोल्या, त्यांतली एक कुलूपबंद, भरपूर उजेड, खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान. जुडगा कौतुक करायला लागला की काका मध्येच एखादं वाक्य टाकायचे.

"ही भिंत ओली आहे. बाराही महिने ओली."

"वरच्या मजल्यावर ढोल वाजवतात. रोज."

"पाणी? कधी येतं, कधी नाही."

जुडग्याचा चेहरा पडत चालला होता. दातेबाईंचं लक्ष मात्र भिंतीकडे नव्हतंच. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. वरचे दात नवे होते, फार तर सहा-आठ महिन्यांचे. आणि हा माणूस बोलताना अडखळत नव्हता, पण शब्द वेचून वेचून घेत होता, तांदळातले खडे बाजूला काढावेत तसा. जुडग्यानं विचारलं, "काका, पुन्हा बघायचं तर कुठला वार बरा?" काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रविवारचा आदला दिवस—" यातला शेवटचा शब्द ओठांतून निसटला मात्र, आणि त्याबरोबर बारीक, तीक्ष्ण शीळ वाजली. काकांनी रुमाल तोंडावर दाबला. कान लाल झाले.

दातेबाई घरी आल्या, पण डोक्यातून ती शीळ जाईना. आठवडाभर लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात घासताना त्या मनातल्या मनात ती कवळी घासत होत्या. पुढच्या शनिवारी त्या जुडग्याला न सांगता गेल्या.

"मिस्टर फोनवर विचारत होते, मोजमाप काय आहे," त्यांनी दारातच सुरुवात केली. काकांनी आत घेतलं, टेप दिली. दातेबाईंनी उगाच दोन भिंती मोजल्या. मग न राहवून म्हणाल्या, "तुम्ही 'स' बोलायचं टाळता."

काका ताठ झाले. "तुम्ही घर बघायला आला आहात की माझं तोंड?"

"तसं नाही, पण वरच्या पुढच्या दातांमागे—"

"निघा तुम्ही. आत्ता निघा."

दार बंद झालं. दातेबाई जिन्यावर उभ्या राहिल्या. असं कुणी त्यांना आजवर घराबाहेर काढलं नव्हतं. एरवी त्या खाली मान घालून गेल्या असत्या. पण काम त्यांचं होतं, चूक कुणाची तरी होती, आणि ती त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. त्या बंद दाराशीच बोलल्या. "मी कवळ्या करते. सव्वीस वर्षं झाली. टाळूला जाडी कमी पडली की तिथून हवा निसटते. तुमचा दोष नाही, करणाऱ्याचा आहे. दुरुस्त होतं हे."

 त्या एक मजला उतरल्या. तेवढ्यात वर कडी वाजली.

"खरंच?" काकांनी कठड्यावरून वाकून विचारलं.

मेणाचा तुकडा दातेबाईंच्या पर्समध्ये असायचाच, इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा. त्यांनी गॅस पेटवला, चमच्याच्या दांड्यावर मेण मऊ केलं आणि म्हणाल्या, "द्या."

काका उभेच. "इथे?"

"मग काय टपालानं पाठवणार?"

ते न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आले ते तोंडावर टॉवेल धरून, दुसऱ्या हातात ओली कवळी. दातेबाईंनी ती घेतली, आणि त्याच वेळी काकांचा टॉवेल जरा खाली सरकला. गाल आत गेलेले, ओठ मिटून बारीक झालेले, माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. फक्त डोळे तसेच होते, हसाल तर याद राखा असं बजावणारे. आजवर हजारो जबडे दातेबाईंच्या हातांखालून गेले होते. कवळी काढलेला माणूस असा समोर उभा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या मान खाली घालून मेण लावू लागल्या. 

"घाला. म्हणा, सहासष्ट."

शीळ वाजली. काढा, अजून थोडं मेण, घाला, म्हणा. पुन्हा शीळ, जरा बारीक. "सासूबाई म्हणा." चौथ्या वेळी मेण जरा जास्त झालं, काका बोबडं बोलले आणि दोघांनाही हसू फुटता फुटता राहिलं. सहाव्या वेळी ते म्हणाले, "सहासष्ट," आणि थबकले. पुन्हा म्हणाले. मग त्यांचा आवाज आपोआप खाली, छातीत उतरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. सकाळी सात वाजून सदतीस मिनिटांनी सुटणारी बस फलाट सहावर लागलेली आहे." एकही स निसटला नाही. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"मेण टिकणार नाही," दातेबाई म्हणाल्या. "लॅबची किल्ली माझ्याकडे आहे. पक्कं करून आणते. दोन तास लागतील."

एका बिस्किटांच्या डब्यात कवळी ठेवून त्या बसमध्ये बसल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या माणसाला आपलं नावही ठाऊक नाही. आपण परत आलोच नाही तर हा सोमवारपर्यंत पेजेवर राहील. तरी डबा त्यानंच झाकण लावून हातात दिला होता.

त्या सहाला परतल्या. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

मग काका बोलत सुटले. आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं. शीळ वाजायला लागल्यापासून त्यांनी मित्रांकडे जाणं सोडलं होतं, फोनवर मुलीला हो-नाही एवढंच सांगायचे. ज्या माणसाच्या आवाजावर लोक धावत बस पकडायचे, त्यानं दूधवाल्याशी खुणेनं बोलावं! आणि हो, भिंत ओली-बिली काही नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी ते स्वतः तांब्यानं पाणी मारतात. वरचा मजला तर दोन वर्षं रिकामा आहे. दातेबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"मुलीला सांगू नका," काका म्हणाले. "आणि तुमचे मिस्टर कधी येणार? त्यांनाही सांगून टाका खरं काय ते. विकायचं झालं तर तुम्हालाच देईन."

सांगायची वेळ तीच होती. समोरच्यानं आपलं लबाडीचं गाठोडं सोडून दाखवलं होतं. दातेबाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येतील."

पुढचे पाच शनिवार त्या तिथे गेल्या. आणि दर शनिवारी काका मिस्टरांची चौकशी करायचे. फिरती लांबली, त्यांनी सांगितलं. मग तिथली हवा मानवली नाही, खोकला झाला. काकांनी काळजीनं काढ्याची कृती लिहून दिली. नसलेल्या नवऱ्याच्या खोकल्यासाठी काढा घेऊन दातेबाई घरी यायच्या आणि रात्रभर कूस बदलायच्या. पूर्वी घरात जीव रमत नव्हता, आता काकांच्या खुर्चीतही टोचायला लागलं. मन हलकं व्हावं म्हणून मधल्या एका बुधवारी त्या आणखी एक घर बघून आल्या. तिथे तर अजिबातच मन लागलं नाही.

सहाव्या आठवड्यात जुडग्याचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होते. "मॅडम, काकांची मुलगी खूश आहे. म्हणते, बाबा पहिल्यांदाच कुणाबद्दल चांगलं बोलले. शनिवारी चारला बसू या. साहेबांना घेऊनच या!"

शनिवारी लॅब सुटल्यावर दातेबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला. तिकडे एक घर विकायला होतं. बदली झालेलं तरुण जोडपं, अर्धं सामान खोक्यांत. त्या या खोलीतून त्या खोलीत गेल्या, पुन्हा या खोलीत आल्या. गॅलरीत गेल्या, परत आल्या. नळ सोडला आणि बंद करायला विसरल्या.

"काकू, तुम्ही ठीक आहात ना?" त्या मुलीनं नळ बंद करत विचारलं. "तुमच्या मिस्टरांना आणायचं होतं बरोबर."

"मिस्टर नाहीत," दातेबाई म्हणाल्या.

"अरेरे. कधी वारले?"

"वारले नाहीत. नव्हतेच कधी." त्या स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या. "लग्नच नाही झालेलं माझं. मला घर घ्यायचंही नाही. माफ करा हं." मुलगी बघतच राहिली. दातेबाई तोवर जिना उतरून रस्त्याला लागल्या होत्या.

दोन बस बदलून त्या पोचल्या तेव्हा सव्वापाच वाजले होते. दिवाणखान्यात काका, खुर्चीच्या कडेवर बसलेला जुडगा, आणि ऑफिसच्या कपड्यांतली चाळिशीची मुलगी. थंड झालेल्या चहाचे कप.

"या!" मुलगी उठली. "आणि साहेब?"

दातेबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईपासून ते काढ्यापर्यंत. एकतीस घरं, बत्तिसावं हे. सांगताना त्या फक्त फरशीकडे बघत होत्या.

"म्हणजे माझ्या चार चकरा..." जुडगा पुटपुटला. "पेट्रोल माझं!"

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाला काही वाटलं कसं नाही? म्हाताऱ्या एकट्या माणसाच्या घरात शिरायचं, त्याला नादी लावायचं! मी आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. लाज नाही वाटत?"

"वाटते," दातेबाई म्हणाल्या.

"तिला बोलू नकोस," काका म्हणाले. "ती घेणार नव्हती आणि मी विकणार नव्हतो. भिंतीवर पाणी मी मारायचो."

मुलगी मटकन खाली बसली.  मग ती हळूच म्हणाली, "इतकं नको आहे का माझ्याकडे येणं? मला सांगायचं ना, बाबा. मी काय दावं लावून नेणार होते?"

"तुला माझं लोढणं कशाला? तुझा संसार, तुझी नोकरी."

"कसला संसार?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मुलं होस्टेलला. हे महिन्यातले चार दिवस घरी. संध्याकाळी कुलूप उघडते तेव्हा आतून कुणी 'कोण आहे' म्हणत नाही. मी तुम्हाला सांभाळायला बोलवत नव्हते हो. मला कुणीतरी हवं होतं."

 हे काकांना माहीत नव्हतं. आठ महिने हो-नाहीच्या पलीकडे ते तिच्याशी बोललेच नव्हते, तर कळणार कुठून?

"मग तुम्हाला राहायचंय तरी कुठे?" तिनं नाक पुसत विचारलं. "इथेच?"

"इथेही नको," काका म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून, वर्षभरात, तिची खोली मी उघडलेली नाही. दिवसभर शाळेच्या घंटा मोजत बसतो. मला माणसांच्या वर्दळीत राहायचंय. स्टँडच्या बाजूला कुठेतरी. पण हे कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोललो नाही."

"स्टँडमागे एक आहे," दातेबाईंच्या तोंडून निघून गेलं. तिघांनीही वळून पाहिलं. आता मागे फिरता येत नव्हतं. "दुसरा मजला, एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी थेट फलाटांवर उघडते. गाड्यांच्या आवाजामुळे कुणी घेत नाही. मालकीणबाई दोन पोपट पाळतात, बोलक्या आहेत. न्हाणीघराचं दार घासतं, पण रंधा मारला की झालं. ओल नाही. मी सगळ्या भिंतींना हात लावून बघितलाय."

जुडग्यानं खिशातून वही काढली. "मालकिणीचा नंबर आहे?"

मुलगी दातेबाईंकडे रागानं बघत होती. मग तिनं आपला पेन जुडग्याकडे सरकवला, कारण त्याचा चालत नव्हता.

पुढचं सगळं दीड महिन्यात झालं. काकांचं घर त्या शाळेतल्याच एका मास्तरांनी घेतलं. आईची खोली बापलेकीनं मिळून उघडली. दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत दातेबाई तिकडे फिरकल्या नाहीत. त्या आपल्या घरी होत्या आणि त्यांनी तीन वेळा चप्पल घालून तीन वेळा काढून ठेवली. सामान हलवायच्या दिवशी मात्र काकांनी बोलावलं म्हणून गेल्या. नव्या खोलीत खोकी उघडली, न्हाणीघराचं दार खरंच घासत होतं. काका खिडकीत उभं राहून खालच्या मशीनमधल्या बाईच्या आवाजाला नावं ठेवत होते. "ऐकलंत? श्वास कुठे घ्यायचा कळत नाही तिला!" मुलीचं ऑफिस इथून दोन चौकांवर होतं, रोज संध्याकाळी ती इथे डोकावूनच घरी जाणार होती.

दिवसभर ती दातेबाईंशी कामापुरतं बोलली होती. ती दोरी द्या, हे धरा. संध्याकाळी निघताना मात्र म्हणाली, "चला, सोडते." वाटभर दातेबाई पर्सचा पट्टा पिळत होत्या. घराच्या दाराशी गाडी थांबली.

"हेच का तुमचं?" मुलीनं काचेतून वर बघत विचारलं.

"हो. दोन खोल्या. आई गेल्यापासून कुणी आलेलं नाही."

मुलीनं गाडी बंद केली. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मी फार बोलले तुम्हाला. अजूनही राग आहे थोडा. पण आत्ता घरी जायला जिवावर आलंय. चहा मिळेल?"

दातेबाईंच्या डोळ्यांसमोर घर आलं. बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांचा ढीग, ओट्यावर सकाळची भांडी. "दूध नाहीये," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आणि पसाराही आहे."

"बिनदुधाचा चालेल," मुलगी गाडीतून उतरत म्हणाली. "कितवा मजला?"

"तिसरा. लिफ्ट नाही." दातेबाई पुढे झाल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना किल्ली सापडेना, पर्स पायरीवर पालथी करावी लागली, आणि मुलगी खाली बसून ती शोधू लागली.